परकर म्हणजे नॉन-स्टँडर्ड लोड

ज्या माणसांनी जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, ती माणसं कपडे धुवायचं मशीन बनवत होती. आणि त्यांच्यात मी जाऊन पडले होते.

नव्वदचं दशक संपत आलेलं. रांजणगावच्या एमआयडीसीत नवनव्या शेड उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत आमची कंपनी होती. आता ती नाही, त्या शेडवर दुसरीच पाटी आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. डेव्हलपमेंट सेक्शनला लागले, तेव्हा दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या अख्ख्या ओळीत वडिलांनी पेढे वाटले. पण नोकरी कच्ची होती. वर्षभर ट्रेनी म्हणून बघणार, आणि मग सेक्शनचे साहेब ठरवणार, ही पोरगी परमनंट करायची की नाही. मला परमनंट व्हायचं होतं, आणि तेही याच सेक्शनमध्ये. मशीनं विकायची नव्हती, मशीनबद्दल फोनवर गोड बोलायचं नव्हतं, मला मशीनं बनवायची होती. कॉलेजात चार वर्षं पोरांच्या घोळक्यात लेथवर उभी राहिले होते ती काय हौस म्हणून?

सेक्शनमध्ये सात पुरुष होते आणि मी. पाहुणे आले की साहेब ओळख करून द्यायचे, "ही आमची सात जणांची टीम. आणि या मॅडम." म्हणजे टीम वेगळी आणि मॅडम वेगळ्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चुकून निघालं असेल तोंडातून. तसं काही नव्हतं, वर्षभर तेच वाक्य ऐकलं.

मी कारेगावात खोली घेऊन राहत होते. सुट्टीला शिरूरहून चौफुला, चौफुल्याहून दौंड अशी एसटीनं घरी जायचे. चप्पल काढायच्या आत आई विचारायची, "परमनंट कवा हुणार?" मी म्हणायचे, अजून वेळ आहे. ती म्हणायची, "त्या साहेबाला एकदा घरी आन. चांगलं पिठलं-भाकरी घालते, लगीच सही करंल." आईला वाटायचं, सगळ्या सह्या पोटातून होतात.

कंपनीनं तेव्हा खास गावांसाठी मशीन काढायचं ठरवलं होतं. स्वस्त, दणकट, विहिरीच्या पाण्यावर चालणारं. भिंतीवर रंगीत कागद चिकटवला होता, "खेड्यातल्या भगिनींसाठी". आणि या भगिनींचा विचार करायला बसले होते सात बंधू. एकाचं लग्न व्हायचं होतं, त्याचे कपडे आई धुवायची. बाकीच्यांचे बायका धुवायच्या. साहेब पुण्याहून गाडीनं येत, त्यांच्याकडे धुणंवाली होती. मशीनमध्ये कपडा कसा फिरतो, यावर हे लोक तास-तास बोलायचे, फळ्यावर बाण काढायचे. एकदा मी विचारलं, कॉलरचा मळ कशानं निघतो? ड्रॉइंग काढणारा म्हणाला, "पावडरनं." वा! केवढा हा शोध!

आता त्यांचं काही चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच फणकारतेय. मशीनच्या पाण्याच्या वाटेवर त्यांनी एक छोटी जाळी बसवली होती. खिशात तंबाखूची पुडी राहिली आणि शर्ट धुवायला गेला, तर तंबाखूचा चुरा सगळ्या कपड्यांना लागू नये म्हणून. फार हुशारीची जाळी होती ती. दुसऱ्या कुठल्याच मशीनमध्ये मी तशी पाहिली नव्हती. ती त्यांना सुचली, कारण सातांपैकी पाच जण तंबाखू मळायचे आणि पाचांनीही त्यापायी घरी बोलणी खाल्ली होती. सात बायकांची टीम असती तर त्यांना ती जाळी मेल्या तरी सुचली नसती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. आपल्याला जे टोचलेलं असतं तेच आपल्याला सुचतं, एवढं साधं आहे. पण मग जे सातांपैकी एकालाही कधी टोचलं नाही, त्याचं काय?

ते असं. मशीन तपासायला जे कपडे घालायचे त्याला टेस्ट लोड म्हणत. आमच्या टेस्ट लोडमध्ये पांढऱ्या कापडाचे तुकडे, शर्ट, पँट, टॉवेल आणि एक चादर असायची. झालं. मी लागल्यापासून दुसरं काही त्या टबात पडलेलं बघितलं नव्हतं. एक दिवस मीटिंगमध्ये मी म्हटलं, "साहेब, साडी आणि परकर टाकून बघितलंय का कुणी?"

साडीपर्यंत ठीक होतं. परकर म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घातल्या, जणू मी भर वर्गात शिवी दिली. कुणी पेनाचं टोपण काढून परत लावलं. ज्याचं लग्न व्हायचं होतं तो कानापर्यंत लाल झाला. साहेब खाकरले आणि म्हणाले, "मॅडम, मुद्द्यावर या."

"हाच मुद्दा आहे, साहेब. परकराला नाडी असते. टबाच्या तळाला जी चकती फिरते ना, तिच्या कडेनं फट आहे. नाडी त्या फटीतून आत जाणार."

नाडी म्हटल्यावर मात्र एकाला फिस्सकन हसू फुटलं आणि सगळेच हसले. पोराबाळांचे बाप हे! शाळेतली पोरंसुद्धा बरी.

"आपण सगळे सुशिक्षित आहोत," साहेब म्हणाले, "शब्द जरा जपून वापरूया."

"मग काय म्हणू?"

"इतर कपडे म्हणा."

इतर कपडे! चौफुल्यापासून शिरूरपर्यंत ज्या दोरीवर बघाल त्या दोरीवर लोंबत असतात ते इतर कपडे. आणि जपून बोलणारी ही मंडळी कशी, तर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करायची आणि तो आत सेक्युरिटीपर्यंत ऐकू यायचा. तिथं यांची जीभ अडखळत नव्हती. परकर शब्दानं मात्र यांची अब्रू जात होती. मला त्या दिवशी या लोकांची जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

टपरीचं सांगायलाच हवं, कारण आमच्या सेक्शनची खरी मीटिंग तिथं व्हायची. खोलीतली मीटिंग नुसती दाखवायला. चार वाजता सातही जण सिगारेटी घेऊन टपरीवर जायचे आणि अर्ध्या तासानं परत यायचे तेव्हा काहीतरी ठरून आलेलं असायचं. कशाचा पत्रा घ्यायचा, कुठला बेल्ट, चकती केवढी. मी विचारलं की म्हणायचे, "ते झालं ना डिस्कस." कुणाशी झालं? एकदा चार वाजता मीही त्यांच्या मागोमाग गेले. चहावाल्यानं बिचाऱ्यानं फडक्यानं बाकडं पुसून दिलं. मी जाऊन बसले आणि सातही जण एकदम क्रिकेटवर बोलायला लागले. मी दोन कप चहा प्यायले, ते क्रिकेटच बोलत राहिले. मी उठून निघाले, रस्ता ओलांडून मागे बघितलं, तर डोकी पुन्हा एकत्र आलेली. त्या दिवशी चकतीची फट ठरली. होती तीच ठेवली.

मग मी ठरवलं, यांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही, करूनच दाखवते. सुट्टीला घरी गेले आणि आईला म्हटलं, "तुझा एक परकर दे. आणि विहारात नेसायची पांढरी साडी."

"कशाला?"

"कंपनीत न्यायचाय."

आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "माझा परकर? कंपनीत? अगं, तुला लाज हाय का? धा बाप्यांच्या म्होरं माझा परकर मिरवनार व्हय?"

"सातच आहेत. आणि मिरवायचा नाही, धुवायचाय."

"तिथं कशाला धुवायचा? हितं काय पानी न्हाई?" मग वडील पेपराच्या आडून म्हणाले, "दे की. पोरगी मशीन करती, ते मशीन काय नुसत्या साहेबाच्या टाया धुनार हाय का?" तरी आई धुसफुसत होती. शेवटी तिनं चांगल्यातला निवडला, निळा, नवी पांढरी नाडी ओवली आणि घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "फाटका नगो न्यायला," म्हणाली. "लोकं काय म्हनतील!"

टेस्ट रूममध्ये मी साडी आणि परकर टबात टाकले, पाणी सोडलं, बटण फिरवलं. फार वेळ लागला नाही. साडीचा पीळ झाला, आणि नाडीचं टोक गेलं फटीतून खाली. चकती अडली, मोटर घूंऽऽ करत राहिली आणि जळक्या रबराचा वास सुटला. त्या वासानं सगळे धावत आले, साहेबसुद्धा. आणि येऊन काय केलं? टबात वाकून बघितलं, परकर दिसला, आणि सातही जणांनी माना दुसरीकडे वळवल्या. एक खिडकीकडे बघतोय, एक घड्याळाकडे. बेल्ट जळत होता, पण हात घालायला एक पुढं येईना. मीच स्विच बंद केला, मीच चकतीचा स्क्रू खोलला, मीच दांड्याभोवतीचे नाडीचे वेढे सोडवले.

"बघा," मी म्हटलं. "पहिल्याच धुण्याला."

साहेबांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, आता तरी मान्य करतील. ते म्हणाले, "हा नॉन-स्टँडर्ड लोड आहे, मॅडम. नॉन-स्टँडर्ड लोडवर मशीन फेल झालं तर तो मशीनचा दोष नाही."

आणि गेले. पाठोपाठ बाकीचे. सुटल्यासारखे गेले सगळे.

अर्ध्या दुनियेच्या अंगावरचा कपडा, तो नॉन-स्टँडर्ड. यांची पँट तेवढी स्टँडर्ड. मी ओला परकर पिळला आणि टेस्ट रूममध्येच पाइपावर वाळत टाकला. इतकी संतापले होते की रडूसुद्धा आलं नाही.

त्यानंतर तो परकर मी घरी नेलाच नाही. टेस्टला लागणारच होता. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपच्या लेथवर मी नायलॉनचं एक कडं कातलं. चकतीच्या खालच्या बाजूला बसणारं, कडेला ओठ असलेलं, म्हणजे फट झाकली जाईल पण चकती मोकळी फिरेल. पहिलं कडं घासलं गेलं, दुसरं आवाज करायला लागलं. असं करत करत एक जमलं. मग मी आईचा तो परकर किती वेळा धुतला असेल देव जाणे, त्याचा निळा रंग पार विटला, पण नाडी काही फटीत जाईना. साहेबांना दाखवायला गेले. त्यांनी कडं हातातही घेतलं नाही. "याला नवा मोल्ड लागेल, म्हणजे नवा साचा, नवा खर्च. टपरीवर... म्हणजे, आमचं डिस्कशन झालंय. नको."

पुढं पाहणीसाठी मशीन खुटबाव गावात न्यायचं ठरलं. तिथल्या विकास सोसायटीतल्या एका मोठ्या बागायतदाराच्या अंगणात. साहेब, ड्रॉइंगवाला, आणि बायका असतील म्हणून मी. जीपमध्ये सामान भरताना मी कडं लावलेली चकती माझ्या पिशवीत टाकली. कुणाला विचारलं नाही.

अंगणात पुढं खुर्च्या, खुर्च्यांवर बाप्ये. ज्यांच्यासाठी मशीन होतं त्या बायका मागं ओट्यावर, पदर सावरत उभ्या. साहेबांनी हात जोडून भाषण केलं, श्रम वाचतील, वेळ वाचेल, भगिनी वगैरे. मग बॅगेतून स्वतःचे दोन शर्ट काढून टबात टाकले. शर्ट छान फिरले. खुर्च्यांवरच्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात त्या घरची थोरली सून ओट्यावरून खाली आली. कमरेवर धुण्याचं घमेलं. साड्या, परकर, पोरांची झबली, सगळं.

"ह्ये धुवा की, साहेब."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ताई, ते... तसले कपडे नकोत सध्या. आधी शर्ट दाखवतो."

"का वं? बायकांचं धूत न्हाई व्हय ही मशीन?"

ओट्यावर हशा पिकला. "शर्टाचं काय, ते आमी दगडावर बी धुतो," असं म्हणून तिनं शर्ट बाजूला काढले आणि घमेलं सरळ टबात पालथं केलं. बटण कुठलं ते तिनं आधीच बघून ठेवलं होतं. मशीन फिरलं, अडलं, आणि घूंऽऽ करायला लागलं. मला तो आवाज पाठ होता.

"काय झालं वं?" खुर्चीवरून घरमालक आप्पांनी विचारलं.

"व्होल्टेज कमी आहे," साहेब म्हणाले.

"व्होल्टेजला काय धाड भरलीय?" सून म्हणाली. "विहिरीवरची मोटर चालू हाय की झाक."

आता वास सुटला. साहेब मशीनपासून चार पावलं लांब, ड्रॉइंगवाला त्यांच्याही मागं. पाण्यात हात घातला तर परकर हाताला लागेल, तोही परक्या बाईचा, आणि सगळं गाव बघतंय. साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, जरा बघा ना तुम्ही."

एका मनानं वाटलं, मरू दे. जळू दे इथंच, सगळ्यांसमोर. पण मशीन माझंही होतं, आणि मशीन जळलं तर गावातल्या बायका म्हणणार होत्या, ही थेरं आपल्यासाठी नाहीत. मी बाह्या सारल्या. स्विच बंद, स्क्रू खोलला, नाडी सोडवली, जुनी चकती मातीत ठेवली आणि पिशवीतली बसवली. सून शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिला मी फट दाखवली, कडं दाखवलं. "आत्ता गं बया," ती म्हणाली, "एवढुसंच व्हय! मंग आधी का न्हाई बसवलं?"

मी साहेबांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

मशीन फिरलं. घमेलंभर धुणं निघालं, एक नाडी अडकली नाही. बायका ओट्यावरून उतरून मशीनभोवती जमल्या, टबात हात घालून बघायला लागल्या. आणि साहेब पुन्हा पुढं सरसावले. हात जोडून म्हणाले, "आमच्या टीमनं हा विचार आधीच करून ठेवला होता."

टीम म्हणजे सात. मॅडम वेगळ्या.

कड्याला मोल्ड झाला. तो खर्च आता कुणाला जड वाटला नाही. मशीनला नाव मिळालं, फोटो आले, फोटोत सात जण उभे आहेत. आजकाल मोठ्या हॉटेलात सभा भरवतात, संशोधनात बायका असल्या की नव्या कल्पना येतात म्हणून. सूट घातलेले लोक पडद्यावर आलेख दाखवतात, समोरचे टाळ्या वाजवतात. मला हसू येतं. कल्पना येतात हो, येऊन दारात उभ्या राहतात. तुम्ही टपरीवरून परत आलात तर ना!

माझं वर्ष भरलं तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. कधी नव्हे ते मला चहा!

"मॅडम, कंपनी तुमच्यावर खूश आहे. तुम्हाला परमनंट करतोय. कस्टमर केअरला."

"मी डेव्हलपमेंटला आहे, साहेब."

"हो, पण खुटबावला तुम्ही जे केलंत... बायकांना काय अडचणी येतात हे तुम्हाला बरोबर कळतं. फोनवर बायकाच असतात सगळ्या. तिथं तुमचा जास्त उपयोग. इथं काय, इथं टेक्निकल काम."

मी कप खाली ठेवला. ज्या कड्यामुळे यांचं मशीन विकलं जाणार होतं, त्याच कड्यामुळे मला बाहेर काढत होते.

"मला कळतं म्हणजे काय कळतं, साहेब?"

"तेच. त्या कपड्यांबद्दल."

"कोणत्या?"

"इतर कपडे."

"त्याला नाव आहे. एकदा तोंडानं म्हणा, मी आत्ता उठून फोनवर जाऊन बसते. आनंदानं."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले, ठेवला. ओठ जरासे हलले, मला वाटलं म्हणतात. मग त्यांनी बेल दाबली आणि शिपायाला कप न्यायला सांगितलं.

मी राजीनामा दिला. पुढं दुसरीकडे मशीनं बनवली, पण ते पुढं. त्या दिवशी ड्रॉवर रिकामा केला आणि टेस्ट रूममध्ये गेले. आईचा परकर पाइपावर तसाच होता. शेवटच्या टेस्टनंतर मी टाकला होता, खुटबावच्या आधी. सात माणसं रोज त्या खोलीत ये-जा करत होती, त्याच पाइपाखालून वाकून जात होती, पण तो काढून बाजूला ठेवायला कुणाचा हात उठला नव्हता. वाळून त्याचा पापड झालेला, वर धुळीचा थर. नाडी खाली लोंबत होती, बरोबर साहेब उभे राहायचे तिथं, डोक्याच्या उंचीवर.

मी काढायला हात वर केला. आणि तसाच खाली घेतला.

दौंडला पोचले तेव्हा आई दारातच होती. माझं तोंड बघून तिला कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं तो प्रश्न विचारला नाही. पाणी दिलं, जेवायला वाढलं, पिशवी रिकामी करायला घेतली. पांढरी साडी निघाली. ती पिशवीच्या तळापर्यंत चाचपत राहिली.

"आन् माझा परकर कुठाय गं?"

"कंपनीत आहे," मी म्हटलं. "डेव्हलपमेंटला. तो परमनंट झाला."